सर्जेरावांच्या शुभहस्ते

हडपसरच्या आमच्या दवाखान्यामागच्या गल्लीत सर्जेराव दादा राहतात. त्यांना कोणी विचारलं की सध्या काय करता, तर ते शांतपणे सांगतात, "काय न्हाई, उद्घाटनं करतो." लोकांना वाटतं थट्टा आहे, पण दादा खरंच उद्घाटनं करतात. चष्म्याचं दुकान, रक्तदान शिबिर, शाळेचं बक्षीस वाटप, मंडळाची आरती, कुठंही फीत आणि नारळ असला की दादा असतात. त्यांच्या कपाटात सत्कारात मिळालेल्या शालींचा एक अख्खा कप्पा आहे. नारळांच्या त्यांची बायको सरुबाई वड्या करतात आणि त्या मलाही मिळतात, म्हणून सत्काराविरुद्ध मी फार बोलत नाही.

मी मेहनाज तांबोळी, महापालिकेच्या त्या दवाखान्यातली परिचारिका. बिबवेवाडीहून रोज दोन बस बदलून येते, त्यामुळे पोचेपर्यंतच माझं डोकं तापलेलं असतं असं आमच्या डॉक्टर मॅडम म्हणतात. पेशंट मला मागे खडूस म्हणतात. तोंडावर सिस्टर म्हणतात, तेवढं पुरे.

दादांची एकेकाळी मोठी शेती होती. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, उन्हाळ्यात काकडी. पहाटे गाडी भरून मार्केट यार्डाला माल जायचा आणि परत येताना दादा गुळाची जिलबी आणायचे, असं सरुबाई सांगतात. मग गाव शहरात आलं आणि शेतात इमारती उगवल्या. दादांचं असं झालं, की शेतकरी म्हणावं तर शेत उरलं नाही आणि बिल्डर म्हणावं तर मन होत नाही. शेवटी त्यांनी थोड्या खोल्या भाड्याने दिल्या, अंगणातलं एक आंब्याचं झाड राखलं, त्याखाली खाट टाकली आणि ते उद्घाटनांकडे वळले. माणूस रिकामा बसला की कडू होतो, दादा झाले नाहीत. कुणाच्या घरी मयत असो की लग्न, पहिली खुर्ची तेच उचलतात.

गेल्या वर्षी आमच्याकडे वरून एक कार्यक्रम आला. बाळंतपणानंतर बायकांना कामावर परत जाता यावं, म्हणून बापांना बाळाचं सगळं शिकवायचं. नाव ठेवलं 'बाबांचा वर्ग'. दर शनिवारी, दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये, शिकवणार कोण, तर मी. पहिल्या दिवशी बाप असे बसले होते की जणू त्यांनाच इंजेक्शन द्यायचंय. पण शिकले हो. लंगोट बदलायला शिकले, ढेकर काढायला शिकले, पाण्यात कोपर बुडवून ते किती गरम आहे ते बघायला शिकले. पाटावर बसून, पाय लांब सोडून, नडग्यांवर रबरी बाळाला पालथं घालून न्हाऊ घालायला शिकले. सगळ्यात हुशार निघाला दादांचा मुलगा विक्रम. कॉम्प्युटरवर काम करणारी त्याची बोटं रबरी बाळाच्या मानेखाली अशी अलगद जायची, की मी बाकीच्यांना म्हणायचे, त्याच्याकडे बघा.

वर्ग संपला, टाळ्या वाजल्या, फोटो वर गेले. मला वाटलं, मेहनाज, तू काम केलंस.

मग मी घरोघर भेटी सुरू केल्या आणि माझा पारा चढला. एकाही घरात बाप बाळाला हात लावत नव्हता. कुणाची मीटिंग, कुणाची पाठ, कुणी नुसताच हसला. ज्यांना मी महिनाभर घसा कोरडा करून शिकवलं, ते घरी जाऊन पुन्हा पाहुणे झाले होते.

विक्रमकडे तर फार अडलं होतं. त्याची बायको ऋतुजा आयटी पार्कात नोकरी करते आणि तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. मुलगी शेफाली चार-पाच महिन्यांची. इतक्या लहान जिवाला पाळणाघरात ठेवायची ऋतुजाची तयारी नव्हती आणि सरुबाईंचे गुडघे असे, की खाली बसल्या तर उठवायला दोघं लागतात. विक्रम घरूनच काम करतो, कामाला बसतो तेच मुळी दुपारी. त्याने सकाळ सांभाळली असती, तर दुपारी पाळण्याशेजारी बसायला सरुबाई होत्याच, सगळं जुळत होतं. पण तो सांभाळत नव्हता. ऋतुजा मला म्हणाली, "सिस्टर, एक तारखेला जॉइन झाले नाही तर जॉब गेला. आणि मला तो हवाय. पैशासाठी नाही म्हणत, मला तो आवडतो." बोलताना ती रडली नाही, पण बाळाची टोपी तिने उगाच तीनदा काढली आणि घातली.

मी विक्रमला झाडायच्या तयारीतच आत गेले. बघते तर काय, आतल्या खोलीत विक्रम मुलीला खांद्यावर घेऊन, पाठीवर थोपटत, काहीतरी गुणगुणत फेऱ्या मारतोय. मी दारातच थांबले. तेवढ्यात अंगणातून खाकरण्याचा आवाज आला. गावातली मोठी माणसं घरात शिरण्याआधी खाकरतात, बायकामाणसांना कळावं म्हणून. तो आवाज ऐकला मात्र, विक्रमने मुलीला पटकन गादीवर ठेवलं आणि हातात मोबाइल धरला. दादा आत आले, पाणी प्यायले, गेले. मुलगी गादीवर रडत होती आणि बाप मोबाइल उलटा धरून बघत होता.

दादा गेल्यावर मी फक्त भुवया वर केल्या.

"सिस्टर, दादांसमोर कसं घेणार?" तो म्हणाला. "ऑकवर्ड होतं. आमच्यात नाही घेत मोठ्यांसमोर."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल मांडीवर घेणं हा आगाऊपणा, बेअदबी. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. माझ्याच घरी, सासरे मेहबूबभाई दुकानातून आले की माझा नवरा एजाज मुलीला माझ्या हातात अशी द्यायचा, जशी ती शेजाऱ्यांची आहे. आम्ही पुण्यातले कितीही जुने रहिवासी असू, या बाबतीत सगळे एकाच गावचे. आम्ही वर्ग बापांचा घेतला होता, आणि अडून बसले होते आजोबा. तेही खाटेवर, एक शब्द न बोलता.

मी आंब्याखाली दादांच्या समोर जाऊन बसले आणि सरळ विषय काढला. दादा रागावले नाहीत. त्यांनी पानाचा डबा बंद केला. त्यांचे वडील, तात्या, फार कडक होते म्हणाले. विक्रम झाला तेव्हा दादा शेतातून आले की बाळ ओसरीवर पाळण्यात दिसायचं, आणि पाळण्याशेजारी तात्या बसलेले असायचे. मग दादा तसेच गोठ्यात जायचे आणि वासराला चोळत बसायचे. वासराला हात लावायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

"मग पुढे?" मी विचारलं.

"म्होरं काय," दादा म्हणाले. "तात्या गेले तवा विक्रम माझ्या खांद्याला लागत हुता. तवा काय घ्यायचा?"

मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी रागही आला. मी म्हटलं, मग निदान विक्रमला तरी सांगा की घे म्हणून. तर दादा मान हलवून म्हणाले की असं सांगायचं कसं, सांगायची रीतच न्हाई. म्हणजे मुलाची घ्यायची हिंमत नाही, बापाला सांगायची सवय नाही आणि मधल्या मध्ये ऋतुजाची नोकरी चाललेली. मी चहा न घेताच उठले.

फाटकापर्यंत सरुबाई मला सोडायला आल्या, गुडघ्यावर हात ठेवत. तरुणपणी या बाईने मेथीच्या जुड्या बांधत, बांधावरच्या झोळीतल्या पोराला पायाने झोका दिलेला. त्या इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "सिस्टर, ह्यांना कामाला बोलवू नगा. सत्काराला बोलवा."

चाळीस वर्षं संसार केल्यावर नवऱ्याची किल्ली कुठं असते ते बायकोलाच माहीत असतं.

दोन दिवसांनी मी निमंत्रण घेऊन गेले. दवाखान्यात बापांच्या दुसऱ्या तुकडीचं उद्घाटन आहे, प्रमुख पाहुणे म्हणून आपण यावं. दादांनी दोनच गोष्टी विचारल्या. अध्यक्ष कोण आहे, आणि फेटा इथून बांधून यायचा की तिथे बांधणार. उद्घाटन कशाने करायचं हे त्यांनी विचारलं नाही. उद्घाटन म्हणजे फीत नाहीतर समई, तिसरं काय असणार. मीही सांगितलं नाही. खोटं मी बोलले नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

आजूबाजूच्या आळीतले इतर आजोबाही मी विशेष निमंत्रित म्हणून बोलावले. त्यात दादांचे तालमीतले जुने जोडीदार दत्तोबा होते, ज्यांच्यासमोर दादा आयुष्यात कधी हरले नाहीत असं स्वतः दादाच सांगतात. हॉल भरला. खिडक्या लावल्या, पाणी तापवलं. दादा आले ते कडक इस्त्रीचा सदरा, गुलाबी फेटा आणि खिशात भाषणाचा कागद घेऊन. डॉक्टर मॅडमनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, टाळ्या झाल्या. दादा खूश. त्यांनी समईसाठी इकडेतिकडे बघितलं.

मी स्टेजवरचा पडदा बाजूला केला. तिथे समई नव्हती. पाट होता, घंगाळ होतं, तेलाची वाटी, डाळीचं पीठ आणि तांब्या होता. आणि शेफालीला घेऊन ऋतुजा उभी होती.

"या वर्गाचं उद्घाटन," मी माइकवर म्हटलं, "प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते, बाळाला न्हाऊ घालून होईल."

मागे कुणीतरी हसू दाबलं. दादांनी माझ्याकडे बघितलं, आणि खरं सांगते, इतकी वर्षं लोकांना सुया टोचल्या पण मला कधी इतकी भीती वाटली नव्हती. दादा पाय आपटत निघून गेले असते तर विषय संपला होता. विक्रमने पुन्हा कधी मुलीला उचललं नसतं आणि ऋतुजाने एक तारखेला घरीच भाकरी थापली असती. ती खाली मान घालून उभी होती. पहिल्या रांगेत सरुबाई मात्र पदर तोंडाला लावून छताकडे बघत होत्या, जणू या सगळ्याशी त्यांचा काही संबंधच नाही.

दादांनी नारळ टेबलावर ठेवला. पुढे आले. पाटाकडे बघितलं, घंगाळाकडे बघितलं, मग सदऱ्याची बाही वर सारून कोपर पाण्यात बुडवलं. हे त्यांना कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. वासरांना न्हाऊ घालताना त्यांनी जे केलं होतं, तेच केलं.

मग ते शेवटच्या रांगेकडे वळले, जिथे विक्रम खुर्चीत जमेल तितका खाली सरकून बसला होता.

"विक्रम," दादा म्हणाले, "ये. तू बस पाटावर. मी पाणी घालतो."

विक्रम आला. त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली, पाटावर बसला, पाय लांब सोडले. ऋतुजाने मुलीला त्याच्या नडग्यांवर ठेवलं. रबरी बाळावर केलेला सगळा सराव त्याच्या बोटांत परत आला. दादा तांब्याने बारीक धार धरून पाणी घालत होते आणि मध्येच म्हणत होते, मानेखाली, मानेखाली, बगलेत राहिलं. शेफालीला पाणी फार आवडतं. तिने पाय असे झाडले की प्रमुख पाहुण्यांचा कडक सदरा छातीपासून खाली ओला झाला आणि खिशातलं भाषण त्यात गेलं. आता मात्र हॉल खदखदून हसला, आणि सगळ्यात मोठ्याने दत्तोबा.

टॉवेल द्यायला मी पुढे झाले, पण दादांनी वाट बघितली नाही. त्यांनी खांद्यावरची नवी शाल काढली, दोन्ही हातांवर पसरली आणि विक्रमसमोर वाकले. विक्रमने मुलीला त्या शालीत ठेवलं. भरल्या हॉलमध्ये, सगळ्या आळीसमोर, सर्जेराव दादा बाळाला छातीशी धरून उभे राहिले. मी तेव्हा रडले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या की वाफेने होतं तसं, मी हो म्हटलं.

भाषण भिजलं होतं. दादा माइकसमोर गेले, बाळ काही सोडलं नाही.

"माझे वडील आज इथं असते," ते म्हणाले आणि बाळाला खांद्यावर नीट घेतलं. "इथं असते, तर मी म्हणलो असतो, तात्या, मी बसतो पाटावर. तुमी पाणी घाला."

एवढंच बोलून ते खाली उतरले. दत्तोबांनी जरा घ्यायला मागितली तर दादांनी शेफालीला दुसऱ्या खांद्यावर वळवलं आणि त्यांना सांगितलं की तुमच्या घरी आहे की नातू, त्याला घ्या. त्या दिवसापासून आमच्या वर्गात बापांबरोबर आजोबाही येतात. मी त्यांना वेगळ्या खुर्च्या देत नाही.

एक तारखेला ऋतुजा कामावर गेली. पुढच्याच आठवड्यात मी सकाळी त्यांच्याकडे भेटीला गेले, तर मोरीत विक्रम पाटावर बसला होता आणि शेफाली त्याच्या पायांवर. सरुबाई उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून सूचना देत होत्या. तेवढ्यात अंगणातून खाकरण्याचा आवाज आला. माझी नजर आपोआप विक्रमच्या हातांवर गेली. हात जागेवरून हलले नाहीत.

"दादा," त्याने मान न वळवता हाक मारली, "येताना दोरीवरचा टॉवेल आणा."

आणि हडपसरचे प्रमुख पाहुणे टॉवेल घेऊन घाईघाईने आत आले, एक चप्पल पायात तशीच ठेवून.