फिलावपासून पाण्यापर्यंत

"लामेरला इचारलं का?"

कुठलीही फाइल पुढ्यात आली की काका आधी हे विचारत. लामेर म्हणजे आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीत समुद्र. चष्मा कपाळावर सारायचा, फाइलवर तळहात ठेवायचा आणि समोर कारकून असो की शेफ, म्हणजे खात्याचे वरिष्ठ, हा प्रश्न टाकायचा. साखरेच्या भावाची बोलणी असोत नाहीतर परदेशी बँकेचं कर्ज, प्रश्न तोच. एकदा बिरोसाठी, म्हणजे कचेरीसाठी, खुर्च्या मागवायच्या होत्या, तेव्हाही त्यांनी विचारलं. खुर्च्यांचा आणि समुद्राचा काय संबंध, असं शेफ म्हणाले. "बोटीनं येनार न्हवं?" ते म्हणाले, आणि सही केली.

तुम्ही कधी सरकारी कचेरीत काम केलं असेल तर असा एक माणूस तुमच्याही वाट्याला आला असेल. सगळे त्याला हसतात आणि अडलं की त्याच्याकडेच धावतात.

साखरेला सोन्याचा भाव आला होता त्या वर्षी मी पोर्ट लुईला परराष्ट्र खात्यात टायपिस्ट म्हणून लागले. ते तिथे माझ्या आधीपासून होते. त्याहीआधी विमानतळावर मेटेओत, म्हणजे हवामानखात्यात, वारा आणि पाऊस मोजत असत. ती सवय सुटली नव्हती. गावात लग्नाची तिथी भटजी काढायचे, पण मांडव कुठल्या बाजूने बांधायचा ते यांना विचारल्याशिवाय ठरत नसे. आम्ही दोघेही प्लेन मान्येन गावचे, एकाच बसने जाणारे. बसमध्ये ते माझे काका आणि बिरोत मिस्ये, म्हणजे साहेब. बसमध्ये मला मराठी शब्द चुकला म्हणून टोकायचे आणि बिरोत माझं इंग्रजी सुधारायचे. मला दोन्हीचा राग यायचा.

परदेशात जाणाऱ्या शिष्टमंडळांची कागदपत्रं तयार करणं हे त्यांचं काम. व्यापाराची फाइल वेगळी, कर्जाची वेगळी, आणि किनाऱ्याबद्दल काही असलंच तर ते मासेमारी खात्यात कुठेतरी धूळ खात पडलेलं. ते तिन्ही मागवून घ्यायचे, एकावर एक रचायचे आणि एकाच लाल फितीनं बांधायचे. शिपाई ती फीत सोडून फायली ज्यांच्या त्यांच्या कपाटात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा बांधायचे. ही झटापट मी दहा वर्षं पाहिली.

"साखर घेनारे तेच, कर्ज देनारे तेच," ते म्हणायचे. "मंग लामेरचं बोलायला दुसरं टेबल कशापायी?"

आता त्यांच्या मोजमापाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या गावची गणपतीची मिरवणूक चतुर्थीच्याच दिवशी विमानतळामागच्या किनाऱ्यावर विसर्जनाला जाते. झाकडी नाचून पोरं घामाघूम झालेली असतात, मूर्ती डोक्यावर असते, पण पाण्यात पाऊल टाकायचं नाही. आधी काका मोजणार. सुरूच्या झाडाला आम्ही फिलाव म्हणतो. किनाऱ्यावरच्या शेवटच्या फिलावला पाठ लावून ते उभे राहायचे आणि भरतीनं टाकलेल्या शेवाळाच्या रेघेपर्यंत अनवाणी पावलं टाकत जायचे. आकडा मोठ्यानं सांगायचे आणि मगच 'मोरया' व्हायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बावन्न पावलं होती.

मी बसमध्ये हसून विचारलं, "काका, गणपतीच्याच दिवशी का? एरवी समुद्र पळून जातो का?"

"अगं, तिथी तीच, म्हंजे चंद्र तोच. चंद्र तोच म्हंजे भरतीबी तीच. तारखेनं मोजशील तर फसशील. आपल्या बापजाद्यांनी पंचांग आनलं बोटीतनं, ते काय निस्तं उपासाला?"

लहानपणापासून चतुर्थी करणाऱ्या माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

दर वर्षी विसर्जनाहून येताना ते तिथली वाळू एका बाटलीत भरून आणायचे आणि बिरोतल्या फळीवर साखरेच्या नमुन्यांच्या बाटल्यांशेजारी ठेवायचे. रुपया उतरला, सरकार कर्जासाठी दारोदार फिरू लागलं, त्या दिवसांत परदेशी बँकेचा एक तज्ज्ञ आला. गोरा, घामानं थबथबलेला, फार सभ्य. शेफची वाट पाहता पाहता त्यानं एक बाटली उघडली, बोट ओलं केलं, बुडवलं आणि चाटलं. त्याचं तोंड पाहून मला टाइपरायटरमागे लपावं लागलं. यांनी मात्र उठून त्याला पाण्याचा पेला दिला आणि इंग्रजीत म्हणाले, "साहेब, आता समुद्र तुमच्याही पोटात गेला. त्याची आठवण ठेवा." तो बिचारा मनापासून हसला.

त्याच बँकेच्या कर्जावर ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आमच्या बाजूला किनाऱ्याचा रस्ता आणि हॉटेलं करायचं ठरलं. काँक्रीटला लागणारी वाळू समोरच्याच उथळ समुद्रातून काढायची होती. गावात आनंद झाला, नोकऱ्या येणार होत्या. माझ्या भावालाही मिळणार होती, हे लपवत नाही.

काकांची विधवा बहीण, जिला सगळं गाव आक्का म्हणे, त्याच किनाऱ्यावर राहायची. फिलावच्या मागे दोन खोल्या, टिनाचं छप्पर, ओट्यावर तुळस. ते तिला गावात वर न्यायला बघत, ती ऐकत नसे. "माज्या घोवानं बांधलंय. लामेर काय मला आज बगतो?" असं म्हणून ती त्यांच्याच पुढ्यात चहा ठेवायची.

त्यांनी कराराला एक जोडपत्र लिहिलं. एकच पान. या कर्जातून होणाऱ्या कुठल्याही कामासाठी प्रवाळाच्या रांगेच्या आतली वाळू काढू नये. किनाऱ्यावरचे फिलाव तोडू नयेत. आणि आमची साखर घेणाऱ्या, आम्हाला कर्ज देणाऱ्या देशांनी आपल्या धुराचं काय करणार तेही याच बैठकीत बोलावं. मोठ्या देशांच्या धुरानं हवा तापेल आणि समुद्र चढेल, असे कागद तेव्हा बाहेरून नुकते येऊ लागले होते. आमच्या बिरोत ते कागद फक्त काकाच वाचायचे. खाली पावलांचा तक्ता होता, वर्षावार. शेवटच्या वर्षापुढे मला जागा रिकामी ठेवायला सांगितली, कारण गणपती चार दिवसांवर आला होता.

"मोजून येतो, मंग भर."

ते रजेवर गेले. विसर्जनाच्याच दिवशी दुपारी शेफ माझ्या टेबलाशी आले. शिष्टमंडळाचं विमान एक दिवस आधी निघणार होतं. त्यांनी जोडपत्र काढून माझ्या हातात दिलं आणि कराराचं शेवटचं पान त्याचा उल्लेख गाळून पुन्हा टाइप करायला सांगितलं.

"मिस्येंना विचारू का?" मी म्हटलं.

"मागायला गेलेला माणूस अटी घालत नसतो," शेफ म्हणाले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "आणि गणपती बुडवताना मोजलेली पावलं मी त्या लोकांना दाखवू? पा कास लातेत." म्हणजे, डोकं शिणवू नकोस.

मी डोकं शिणवलं नाही. दहा मिनिटांत पान टाइप करून दिलं, एकही चूक नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले ते कपाळाला गुलाल तसाच ठेवून. "एकतीस," खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "घाल त्या जागेत."

मी सांगायला हवं होतं. फाइल तेव्हा समुद्रावरून चालली होती आणि तिच्यात ते पान नव्हतं, एवढंच वाक्य. मी खणातून जोडपत्र काढलं, टाइपरायटरमध्ये नीट बसवलं आणि रिकाम्या जागेत एकतीस टाइप केलं. त्यांनी पान उजेडात धरून पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि मला गुळपापडीचा लाडू दिला. तो मी खाल्ला.

काही महिन्यांनी सह्या झालेला करार परत आला. त्यांची कागद वाचायची रीत उलटी होती, ते शेवटच्या पानापासून सुरू करायचे. मी समोरच बसले होते. त्यांनी शेवटचं पान वाचलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली, मग कोपऱ्यातली टायपिस्टची आद्याक्षरं पाहिली. ती माझी होती.

"टायपिंग लई स्वच्छ झालंय, पोरी," ते म्हणाले.

त्या दिवशी बसमध्ये ते माझ्या शेजारीच बसले. जागा बदलली असती तर मला बरं वाटलं असतं.

वाळूच्या होड्या दोन-अडीच वर्षं चालल्या. पावलं एकतीसची बावीस झाली, मग चौदा. माझ्या भावाला नोकरी मिळाली. आणि ते दशक संपता संपता एका जानेवारीत सिक्लोन आलं. आमच्याकडे सिक्लोन नवं नाही, त्याहून मोठी आम्ही पाहिली होती. पण पाणी पूर्वी कधी आलं नव्हतं तिथवर आलं. पाणी ओसरल्यावर आक्का उंबऱ्याच्या आत मेलेली सापडली, दाराला धरून. काका तिला आणायला निघाले होते. वाटेत उसाच्या शेतापाशी पाणी कमरेइतकं झालं तेव्हा लोकांनी त्यांना ओढून मागे आणलं.

एका पानानं वादळ अडतं का? नाही अडत. शेफही मला तेच म्हणाले, फार मायेनं म्हणाले. पण किनाऱ्याची वाळू जागेवर असती तर पाणी आक्काच्या उंबऱ्याशी थांबलं असतं, असं मला वाटतं, आणि इतकी वर्षं रोज वाटत आलं आहे. काका मेटेओतले, त्यांना हे माझ्याहून चांगलं कळत होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. मी त्यांची माफीसुद्धा मागितली नाही. माफी मागितली तर ते "असू दे" म्हणतील, याची मला भीती होती.

बिरोत ते आणखी काही महिने आले. फायली यायच्या, ते चष्मा कपाळावर सारायचे, तळहात ठेवायचे आणि सही करून पुढे ढकलायचे. प्रश्न बंद झाला. सुरुवातीला शेफ थोडे थांबायचे, ऐकू येईल म्हणून. तिन्ही फायली आपापल्या कपाटात राहू लागल्या. शिपायाला काम उरलं नाही.

त्या वर्षीच्या चतुर्थीला त्यांनी मिरवणुकीत मला पुढे बोलावलं. "औंदा तू मोज," म्हणाले. मी चपला काढल्या, झाडाला पाठ लावली आणि चालले. नऊ भरली. मी आकडा पुटपुटले.

"मोठ्यानं सांग. खोटं नको."

"नऊ, काका."

"हां," ते म्हणाले, आणि मूर्तीला हात लावून घरी निघून गेले. आमच्याकडे पावसाळा डिसेंबरात लागतो, त्याच्या आत ते गेलेच. मेटेओत इतकी वर्षं काढलेला माणूस, छातीत थंडी भरून गेला.

पुढच्या वर्षी मिरवणूक किनाऱ्यावर पोचली. झाकडी झाली, ढोलकी थांबली, पोरं मूर्ती डोक्यावर घेऊन फिलावपाशी आली आणि सवयीनं उभी राहिली. भटजीही थांबले. मोजायला काहीच नव्हतं. शेवाळाची रेघ झाडाच्या मागे गेली होती आणि लाटा मुळांतली माती काढत होत्या. "चला," असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हणालं नाही. पाणी घोट्यापर्यंत आलं, तरी आम्ही सगळे तिथेच उभे होतो, आकड्याची वाट पाहत.