पाण्याखालची पूजा

पूर्व किनाऱ्यावरच्या त्या बंदराच्या गावी आम्ही तिघे गेलो ते काकूंच्या हट्टामुळे. नांदेडहून थेट गाडी आहे, एवढेच कारण त्यांनी काकांना सांगितले होते. खरे कारण त्यांनी मला गाडीत सांगितले, काका हात धुवायला उठले तेव्हा.

"त्यांची जुनी जागा बघून तरी मन पाघळंल. पोराशी दोन शब्द बोलले तरी लई झालं."

काका तरुणपणी, एकाहत्तरच्या युद्धाच्या काळात, पाणबुडीच्या इंजिनखान्यात होते. उदगीरच्या आमच्या लिंगायत घरातून समुद्रावर गेलेले ते एकटेच. आमच्याकडे आंघोळ करून, गळ्यातल्या चांदीच्या डबीतले इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पुजल्याशिवाय कोणी अन्नाला हात लावत नाही. दोन वर्षांपूर्वी काकांच्या मुलाने हैदराबादेत ती डबी उतरवून कपाटात ठेवली आणि काही न लपवता तसे घरी कळवले. काका एकच वाक्य बोलले होते, "मी लढाईत, पाण्याखाली, एक दिवस पूजा चुकवली न्हाई." तेव्हापासून मुलाचा फोन आला की ते उठून अंगणात जात.

गावाने आपले युद्ध नीटनेटके मांडून ठेवले आहे. किनाऱ्याच्या रस्त्यावर स्मारक, समोर निवृत्त विमान, आणि वाळूलगत सिमेंटच्या ओट्यांवर चढवलेली लांब, काळी पाणबुडी. भोवती भाजत्या कणसांचा धूर आणि मासळीचा ओलसर वास. लोक तिच्या पोटाला टेकून छायाचित्रे काढत होते. काका लांब उभे राहिले. ती त्यांची नव्हती, त्याच जातीची दुसरी होती. तरीही आत शिरताना पहिल्या गोल दाराशी त्यांनी न पाहता डोके वाकवले. मी पाहूनही कपाळ आपटून घेतले.

आतली हवा तेलाची, रबराची, जुन्या रंगाची होती. माहिती देणारे गृहस्थ स्वतः निवृत्त नौसैनिक होते. युद्धात हे सारे गाव दिवे मालवून, खिडक्यांना काळे कागद लावून कसे बसत असे, ते त्यांनी सांगितले. मग टॉर्पेडोंच्या वर टांगलेल्या अरुंद खाटा दाखवल्या. काकूंनी एका खाटेवरून हलकेच हात फिरवला आणि त्यांना राहवले नाही.

"हमारे ये बी यहीच काम करते थे. लढाई में."

गृहस्थांनी ताठ होऊन काकांना सलाम ठोकला. काकांचा हात आपोआप वर गेला. दोघांनी एकमेकांना कोणती पाणबुडी, कोणता खाना, असे विचारले. मग गृहस्थ हसत काकूंकडे वळले. "अम्मा, साब ने बताया कभी, कितने हफ्ते बिना नहाए रहते थे? पानी सिर्फ पीने का और पकाने का. हाथ भी कपड़े से पोंछते थे."

काकू हसल्या नाहीत. गृहस्थ पुढच्या घोळक्याकडे गेले. त्या लोखंडी बोळात आम्ही तिघेच उरलो.

"अहो, आंघोळच नव्हती, तर पूजा कशी केलीत?"

काकांनी एका झडपेच्या चाकाच्या कडेवर बोट फिरवले.

"डबी गळ्यातच होती."

"ते न्हाई विचारलं मी."

"उघडली न्हाई. अंगाला, हाताला, सगळ्याला डिझेलचा वास. त्या हातावर कसं घ्यावं?" मग हळू आवाजात, "आईला पत्रात लिवलं, रोज करतो म्हणून. तिनं सगळ्या गल्लीत वाचून दाखवलं. मग तेच ऱ्हायलं."

"तुम्ही आईला खोटं लिवलं. माझ्या पोरानं खरं सांगितलं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "अन् दोन वर्षं शिक्षा त्याला."

मागून कोणीतरी तेलुगूत पुढे सरकायला सांगितले. आम्ही सरकलो.

बाहेरचे ऊन डोळ्यांना टोचत होते. काका ओल्या वाळूपर्यंत चालत गेले. चप्पल काढायचेही त्यांना सुचले नाही. लाटेचा फेस घोट्यांना चाटून गेला तेव्हा त्यांनी मागे न पाहता हात लांब केला. काकूंनी मुलाचा नंबर लावून फोन त्या हातात दिला.

"मी बोलतोय," काका म्हणाले. लाटा मोठ्याने येत होत्या. "ऐक. तिथं आंघोळीला पाणी न्हवतं. मी पूजा केली न्हाई. एकबी दिवस न्हाई."

फोन तुटला असे वाटून त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला, पुन्हा कानाला लावला, आणि साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सगळे पहिल्यापासून परत सांगायला सुरुवात केली. कणीसवाल्या बाईने पंखा थांबवून पाहिले. काकूंनी पदराने तोंड झाकले आणि त्या लांब टेकडीवरच्या दीपगृहाकडे पाहत उभ्या राहिल्या.