जयंतीची निळी ट्यूब

भास्कर गेल्याचा फोन शोभावहिनींनी स्वतः केला. सकाळचे सव्वानऊ झाले असतील, मी नुकतंच दुकान उघडलं होतं. "भाऊजी, हे गेले जी. झोपेतच…" एवढं बोलून त्या थांबल्या, आणि मग एकदम म्हणाल्या, "टाकीचा लाइट दहाले लागते. लागू देऊ का बंद ठेवू?" वणीत माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. दिवसातून दहा जण मला लाइटाबद्दल विचारतात. पण त्या एका लाइटाबद्दल मला कधी कुणी विचारू नये, असं मी कितीतरी वर्षं मनातल्या मनात म्हणत आलो होतो. "लागू द्या," म्हणालो, आणि शटर खाली ओढलं.

माझा दोस्त भास्कर कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, अंगठ्यांच्या चिमटीत ओढून धाग्याची लांबी बघायची, उन्हात धरून रंग बघायचा आणि प्रत सांगायची. "पांढऱ्यातबी सात पांढरे असतात बे दिन्या," तो म्हणायचा. अशा माणसाला एक दिवस पोवळ्याचं वेड लागलं. "पोवयं आणून राह्यलो," म्हणाला, तेव्हा मी विचारलं, "कोणता ग्रह बिघडला बे तुहा?" "अंगठीतलं नाही रे गध्या, जितं पोवयं!" नागपूरच्या शोभेचे मासे विकणाऱ्याकडून त्यानं तळहाताएवढा दगड आणला. त्यावर बटणासारखे मऊ जीव, हिरवे, मधे केशरी ठिपका. कोळशाची धूळ उडणाऱ्या आमच्या गावात, मिठाचं पाणी कालवून त्यानं काचेच्या टाकीत समुद्राचा तुकडा मांडला.

उजेडाचं काम अर्थात माझ्याकडे आलं. आधी मी मोठा दिवा लावून दिला, तर पाणी तापलं आणि एका बाजूची बटणं पांढरी पडली. मग ट्यूबवर आलो. त्या जिवांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न करतं आणि दोघंही त्यावर जगतात. उजेड जास्त झाला की रंग उडतो, कमी पडला की बटणं तपकिरी होतात आणि माना लांब करून वर बघत राहतात. चार बोटं वर, दोन बोटं खाली, असे आमचे रविवार गेले. शेवटी जमलं ते एक पांढरी आणि एक खास निळी ट्यूब लावून. ती निळी फक्त नागपुरात मिळे, आणि वर्षभरानं बदलावी लागे. आपल्याला पेटलेली दिसते, पण तिच्यातला कस गेलेला असतो.

ती कापसाच्या संकटाची वर्षं होती. केंद्रापुढे गाड्यांच्या रांगा लागायच्या, माणसं दोन-दोन दिवस गाडीखाली झोपायची, आणि भास्करच्या एका शब्दावर कुणाचं वर्ष उभं राही नाहीतर आडवं होई. त्याच हिवाळ्यात ट्यूब बदलायची वेळ आली. मी नागपूरला निघालोच होतो. "आणतो," म्हणालो… आणि विसरलो. साधं विसरलो. तेवढं म्हणालो असतो तर तो दोन शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण गावात मी उजेडातला जाणकार! दुकानात जयंतीच्या रोषणाईच्या निळ्या रंगवलेल्या ट्यूबा पडल्या होत्या. एकीवरचं लेबल खरडलं, कापडानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. निळं ते निळं, पोवळ्याला काय कळतं?

पोवळ्याला आठ-दहा दिवसांतच कळलं. बटणं तपकिरी पडली, माना लांबल्या. भास्करनं पाणी बदललं, मीठ मोजून बघितलं. मग एकदा खिशातला कापसाचा पेळू काढून त्यानं त्या ट्यूबखाली धरला. किती तरी वेळ बघत राहिला. "दिन्या, हा कापूस असा मेल्यावानी काहून दिसते?" तेव्हाही सांगता आलं असतं. मी हसलो आणि म्हणालो, "ट्यूब चांगली आहे. तुहे डोये तपासून घे."

पुढच्याच आठवड्यात केंद्रावर एका गाडीपाशी तो अडला. मीही तिथं गेलो होतो, वजनकाट्याच्या खोलीची वायरिंग बघायला. एकच मूठ त्यानं तीनदा उन्हात धरली. प्रत सांगेना. मागून गर्दी सरकू लागली. गाडीवाला ओरडला, "ग्रेडर साहेब, डोये फुटले का? का घरी ठेवून आले?" लोक हसले. आणखी एकानं जू आपटलं. भास्करनं चिडून उत्तर द्यावं, म्हणून मी वाट बघत होतो… तो माझ्याकडे बघत होता. मी काय बोलेन याची वाट बघितल्यासारखा. मी टेस्टर खिशात घातला आणि खोलीत गेलो.

त्यानं अर्ज देऊन ग्रेडिंग सोडलं, गोदामाच्या नोंदी घेतल्या. "दुसऱ्याच्या घामाचा रंग चुकला तर?" म्हणाला. घाबरून मी मुद्दाम नागपूरला जाऊन खरी ट्यूब आणली, "नवीन माल आला" म्हणून बसवून दिली. काढलेली जुनी तिथंच राहिली. महिन्या-दोन महिन्यांत बटणं हिरवी झाली. "पोवयं सुधरलं बे," तो म्हणाला. डोळ्यांचं काही बोलला नाही. कापूस मात्र त्यानं पुन्हा कधी उन्हात धरला नाही.

मागच्या रविवारी वहिनींनी बोलावलं. टाकीखालचं कपाट त्या आवरत होत्या. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ट्यूब त्यांनी माझ्यापुढे ठेवली. लेबल खरडलेली, तीच. तिच्यावरचा निळा रंग नखानं बोटभर खरवडला होता, खाली साधी पांढरी काच. मग मी वहिनींना सगळं सांगितलं. विसरलो तिथपासून, टेस्टर खिशात घातला तिथपर्यंत. त्या ओट्याला टेकून ऐकत होत्या.

"दरसाली जयंतीले याच ट्यूबा टांगत होते हे," त्या म्हणाल्या. "त्याईले ओळखू नाही येईन?"

"मग मला बोलला का नाही?"

"मले काय मालूम जी. म्या एकदा म्हटलं, फेकून द्या हे. तर म्हणे, राहू दे, ज्याची हाये तो मांगन."

दहा वाजले. टायमर टकटकला, आधी निळी लागली, मग पांढरी. दगडावर आता शंभरेक बटणं आहेत, एकेक करून उघडू लागली. आम्ही दोघं बघत राहिलो. "रंग बराबर हाये का, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

मी नीट बघितलं. "नाही, वहिनी. फिका पडला आहे. ट्यूबचा कस गेला. मी बदलून देतो."

"द्या," त्या म्हणाल्या आणि ती खरवडलेली ट्यूब पुन्हा कागदात गुंडाळू लागल्या. "पण या बारीले खरी आणजा."