चार बोटांच्या फटीतली खंडेनवमी

वडील गेल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला त्यांच्या हत्यारांची पूजा यथासांग झाली. मी त्या वेळी पत्र्याच्या खोलीत कोंडलेला होतो.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. भोसरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये ते आयुष्यभर फिटर होते. निवृत्त झाल्यावर मोशीतल्या आमच्या घराच्या जिन्याखाली त्यांनी हत्यारांची पेटी मांडली आणि सबंध गल्लीचे मिक्सर, कुलपं, सायकली दुरुस्त केल्या. मी त्यांचा एकुलता मुलगा. एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. (आमच्या गल्लीत हे सांगितलं की लोक जरा थांबतात आणि विचारतात, "म्हणजे शिफ्ट कोणती?") दादांच्या कामात माझा वाटा एवढाच, की लहानपणी मी बॅटरी धरायचो. दुसऱ्या हातात पुस्तक असायचं, आणि उजेड हळूहळू पुस्तकाकडं सरकायचा.

"साहेब, उजेड इकडं," दादा म्हणायचे. रागवायचे नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

माघात दादा गेले. पावसाळ्यात जिन्याखाली ओल आली आणि त्यांच्या कानशींवर तांबूस गंज दिसू लागला. थोरल्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांचं चाकणजवळ छोटं वर्कशॉप आहे. त्यांनी ते पाहिलं आणि सरळ आईला विचारलं.

"आई, ही हत्यारं माझ्याकडं द्या. रोज वापरात ऱ्हातील. हितं नुसती सडत्यात."

ते खरं होतं, म्हणूनच मला झोंबलं.

"दादांची हत्यारं घराबाहेर जाणार नाहीत," मी म्हणालो. "मी मागच्या अंगणात वर्कशॉप उभारतो आणि काम शिकतो."

"कोण शिकतंय?" आईनं विचारलं. (तिला नीट ऐकू आलं नसावं, असं मी धरून चाललो.)

"मी."

आईनं माझ्या हातांकडं बघितलं. मग म्हणाली, "वर्षाच्या आत आपल्याला सण नाही. पण त्यांनी एक खंडेनवमी चुकवली नाही, तेव्हा हत्यारं बिनपूजेची ठेवायची नाहीत. तोवर तुझी खोली उभी राहिली तर हत्यारं तुझी. नाही राहिली तर जावईबापू घेऊन जातील."

"चालंल," दाजी म्हणाले. त्यांनी त्याच दिवशी टेम्पो ठरवून ठेवला, हे मला नंतर कळलं!

मी पत्र्याची तयार खोली मागवली. सगळे भाग खोक्यांतून घरपोच येतात, आपण फक्त जोडायचे. 'दोन माणसं, सहा तास', असं जाहिरातीत म्हटलं होतं. मला एकट्याला एकोणीस दिवस लागले. त्यातले पहिले पाच दिवस मी सोबतची पुस्तिका वाचत होतो. ती दोनदा वाचली, समासात टिपा काढल्या, नवव्या पानावरची छपाईची चूक दुरुस्त केली आणि शेवटी सूची नव्हती, ती तयार करून जोडली.

आमच्या गल्लीत कंपनीत न जाणारा पुरुष मी एकटाच. त्यामुळं खोली उभी राहताना कुंपणाच्या भिंतीवर रोज तज्ज्ञांची बैठक भरायची. पहिल्या शिफ्टचे लोक दुपारी यायचे, दुसरीचे सकाळी. त्यांत दादांचे टूलरूममधले सोबती जाधवकाका रोज हजर. ते दोन घरं सोडून राहतात.

"सुधीर, दार आत उघडतंय रे. बाहेर उघडायला पाहिजे."

"बाहेर जास्वंद आहे ना, काका. फांद्या मोडतील."

"फार विचार केलास!" काका म्हणाले.

खरं म्हणजे मी दार उलटं धरून बिजागऱ्या बसवल्या होत्या. पण चूक कबूल करण्यापेक्षा कारण शोधणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

खंडेनवमी उजाडली. बाराच्या आत पूजा करायची, असं आईनं सांगितलं होतं. पहाटेच मी दादांची सगळी हत्यारं खोलीत नेली. एक लोखंडी रॅक तेवढा उभा करायचा राहिला होता. तो दाराच्या बाजूच्या भिंतीला लावायचा होता. पण दार उघडं असताना तो भिंतीला लागेना. म्हणून मी दार बंद केलं. (या वाक्यातच पुढचं सगळं होतं. मी ते तेव्हा नीट वाचलं नाही.) रॅक मस्त बसला. त्याचे चारही पाय मी बोल्टांनी खालच्या सिमेंटच्या चौथऱ्यात पक्के केले. इतके आवळले की नटांचे कोपरे घासून गोल झाले. मग हत्यारं ओळीनं मांडली. लहान डावीकडं, मोठी उजवीकडं, अगदी ग्रंथालयासारखी. दोन पावलं मागं येऊन पाहिलं. दादांनी हे बघायला हवं होतं, असं वाटलं. डोळे पुसले आणि आईला बोलवायला दार ओढलं.

दार चार बोटं उघडलं आणि रॅकवर आपटलं.

पुन्हा ओढलं. पुन्हा चार बोटं. नट फिरवून पाहिले, तर पाना गोल नटावरून नुसता सटकत होता. मी अर्धा तास आत गप्प उभा राहिलो. हाक मारायची लाज वाटत होती. शेवटी आईच ताट घेऊन आली.

"झालं का रे? बाहेर ये."

"आई, जरा दाजींना बोलावतेस?"

दाजी आपल्या वर्कशॉपची पूजा उरकून सकाळीच घरी आले होते, ते लगेच आले. त्यांच्यामागं जाधवकाका, आणि काकांमागं भिंतीवरची सगळी बैठक! दाजींनी फटीला डोळा लावला. आतून माझाही डोळा तिथंच होता.

"पाव्हणं, आत काय करताय?"

"रॅक बसवला."

"व्हय, दिसतोय. तुमाला बाहेर ठिवून बसवायचा व्हता."

जाधवकाकांनी खुर्ची मागवली. त्यांना गुडघ्यांमुळं उभं राहवत नाही, आणि हे लवकर संपणारं प्रकरण नाही हे त्यांनी ओळखलं होतं. बसल्या बसल्या त्यांनी निदान केलं. बाजूच्या पत्र्याचे बोल्ट बाहेरून आहेत, तेवढे खोलले की सुधीर बाहेर.

"मग खोला ना!" आई म्हणाली.

"वहिनी, कशानं? गल्लीत सगळ्यांच्या पूजा झाल्यात. पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही."

गल्लीतला प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड सकाळीच हळदीकुंकू लावून निजलेली होती. न पुजलेली हत्यारं होती ती फक्त आमचीच, आणि ती माझ्यासोबत आत होती.

"फटीतून एक एक बाहेर द्या," दाजी म्हणाले.

मी देऊ लागलो. पाने, कानशी, पकडी, हातोडी मुठीकडून. दाजी प्रत्येक वस्तू घेऊन फडक्यानं पुसायचे आणि आईच्या पाटावर ठेवायचे. निम्मा रॅक रिकामा झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की जी हत्यारं घराबाहेर जाऊ देणार नाही असं मी सांगितलं होतं, तीच मी स्वतःच्या हातानं दाजींच्या हातात देतो आहे. तरी देत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

पावणेबारा झाले. आता गल्लीपुढं प्रश्न उभा राहिला. आधी पूजा की आधी सुधीर? पूजा झाली तर हत्यारं उद्यापर्यंत वापरता येणार नाहीत. सुधीर आधी काढला तर बारा टळतील.

"आधी पूजा," आई म्हणाली. "त्याला आत काय कमी आहे? पुस्तिका आहे ना वाचायला."

"आई!"

"ओरडू नकोस. त्यांच्या हत्यारांसमोर ओरडायचं नाही."

शेवटी दाजींनीच तोड काढली. एक पाना पूजेतून वगळून खिशात ठेवला. बाकीच्यांना झेंडूची फुलं वाहिली, नारळ फुटला. आईनं हात जोडले. मग ती फटीपाशी आली. "नाक पुढं कर," म्हणाली, आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर कुंकू टेकवलं. कपाळ फटीतून येत नव्हतं.

दाजींनी त्या एका पान्यानं अर्ध्या तासात पत्रा खोलला. मी बाहेर आलो. टाळ्या वाजल्या. आईनं पाटाकडं बघून सांगितलं, "जावईबापू, उद्या सकाळी घेऊन जा." मी मान खाली घातली. खोली उभी राहिली होती, मी अट पाळली होती. पण वाद घालायला तोंड उरलं नव्हतं.

"पाव्हणं, एक तरी ठिवा की तुमच्याकडं," दाजी हळूच म्हणाले. "कोणतं पायजे?"

मी त्यांच्या हातातला पानाच मागितला. मूठ झिजून गुळगुळीत झाली होती. मी तो दोन्ही हातांत धरला. "यावर दादांचा हात फिरलाय," मी म्हणालो. "आज मला त्यांनीच बाहेर काढलं."

आईनं पदर डोळ्यांना लावला. दाजी दुसरीकडं बघू लागले. जाधवकाकांनी हात पुढं केला, पाना घेतला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "अरे, हा माझा आहे!"

"काय?"

"चारशे सतरा. हे बघ, ठोकलंय वर. टूलरूममध्ये ज्याचं हत्यार, त्याचा हजेरीचा टोकन नंबर. तुझ्या बापानं एका दिवसासाठी म्हणून नेला होता. मी किती वर्षं शोधतोय!"

"मला वाटलं ते माप आहे."

"चारशे सतराचा नट?" काकांनी गल्लीकडं बघितलं. "कुठं लागतो रे तो? धरणाला?"

त्या दिवशी गल्ली हसली ती संध्याकाळपर्यंत. काकांनी मात्र पाना माझ्याच हातात परत दिला. तो आता ग्रंथालयात माझ्या टेबलावर असतो. कितीही समजलं तरी मला तो दादांचाच वाटतो, म्हणून मी रोज सकाळी त्यावर एक फूल ठेवायचो. परवा जाधवकाका पेन्शनच्या अर्जावर साक्षीदार म्हणून माझी सही घ्यायला आले. फूल वाहिलेल्या पान्याकडं बघून म्हणाले, "सुधीर, पाना ठेव तू. पण फुलं तेवढी मी गेल्यावर वाहा."