गाडीचं गाणं

भाच्याच्या बारशाला नवनाथनं असं गाणं वाजवलं, की बहिणीच्या आजेसासू कुसाबाईंनी बाळ पाळण्यातून उचललं आणि आतल्या खोलीत शिरून कडी लावली. नाव ठेवायचं राहूनच गेलं.

नवनाथ मनमाडचा. पोट लग्नातल्या कीबोर्डवर, जीव मात्र जुन्या बडबडगीतांना नव्या चाली लावण्यात. ढोलाविना गाणं उपाशी, असं त्याचं मत. पेठकडच्या एका लग्नात पोरं खेळताना म्हणत होती ते त्यानं फोनवर टिपलं होतं:

दार लाव बाई, दिवा विझव,
गाडी आली गं, बाळ निजव.

गाडी जत्रेची, हे त्याचं त्यानंच ठरवलं आणि सिडकोतल्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये दणदणीत ठेका सोडला.

"दादा, आत्याबाई नाव तोंडात धरून उभ्या आहेत," वैष्णवी रडकुंडीला आली. "आता तूच आजींना बाहेर आण."

तो दाराशी बसला. "आजी, चुकलं. पण काय चुकलं ते तरी सांगा."

"गाडी मुडद्यांची व्हती रं!" आतून आवाज आला. "साथीत माणसं भरून न्यायची. आजारी पोरं आया घरात लपवायच्या. माझी आई सांगायची, नाव नाय ठेवलं ते पोर गाडी आधी नेती. आन तू तिला नावाच्या आधीच बोलावलीस, ती पन वाजतगाजत!"

"मग आता?"

"आता काय? तिला परत धाडायचं कडवं म्हन की!"

पुढं कडवं असतं हेच नवनाथला ठाऊक नव्हतं. पेठकडच्या त्या लग्नात पंगत बसली, तसा तो फोन खिशात टाकून जिलेबीकडे वळला होता.

"तुम्हीच म्हणा, आजी. मी मागून वाजवतो."

दाराआडून थकलेला, संथ आवाज आला:

गाडी गेली बाई, कडी सोड,
ऊन आलं गं, बाळ माझं गोड.

नवनाथनं कीबोर्ड मांडीवर ओढला, त्यातला ढोल बंद केला आणि दोन बोटांनी हळूच सूर धरला. तिसऱ्या खेपेला खरंच कडी निघाली. आत्याबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं: मल्हार.

"आजी, शिकवणीचं काय द्यायचं?"

"पैसं नगं. माझ्यासाठी असंच एक जुनं गानं हुडकून वाजव. फकस्त त्यात कोनी मरायचं नाय."

"एवढंच? आठ दिवसांत देतो!"

तेव्हापासून तो पेठ ते येवला हिंडतोय. एका गाण्याच्या शेवटी विहीर निघते, दुसऱ्याच्या बिबट्या. येवल्याचं एक अगदी गोडुलं सापडलं, तर त्यात सवतीनं विष घातलेलं.

मल्हार आता घरभर पळतो. कुसाबाई दर सणाला विचारतात, "घावलं का रं?"

"चाल तयार आहे आजी," नवनाथ म्हणतो, "गाणं तेवढं शोधतोय."