दाराशी ठेवलेले कासव

मध्यप्रांताच्या शेवटच्या वर्षांत जबलपुरातल्या एका मराठी शाळेत, आमच्या चौथीच्या वर्गात, एक कासव होते. वर्गात प्राणी पाळावेत की नाही, असा विषय हल्ली कुणी काढला की मला कासवाच्याही आधी त्याची जागा आठवते.

ते वर्गातल्याच एका मुलीने आणले होते. नर्मदेच्या ग्वारीघाटावरच्या नावाड्याच्या जाळ्यात सापडलेले कासव त्याने तिच्या आजोबांना दिले. आजोबा रोज तिथे स्नानाला जात. कासव ताटलीएवढे, काळपट पाठीचे. गुरुजींना ते हवेच होते. त्यांची नेमणूक हंगामी होती, कायम होणे शाळाखात्याच्या डिप्टी साहेबांच्या तपासणीवर अवलंबून होते, आणि या साहेबांना निसर्गपाठ जिवंत वस्तूवरून शिकवलेला आवडतो, असे सगळे म्हणत. गुरुजींनी पाणी साठवायची एक दगडी डोणी मिळवली, उजेड चांगला म्हणून दाराच्या आत, उंबऱ्याजवळ ठेवली आणि सांगितले, "हात लावायचा नाही. नुसतं पाहायचं. काय खातं, मान केव्हा काढतं, ध्यानात ठेवा."

चूक जागेत झाली. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला नमस्कार करून पुढे जायचे, ही सवय आमच्या अंगात मुरलेली होती. दुसऱ्या दिवशी पहिला मुलगा आत आला, डोणीपुढे वाकला आणि मग बसायला गेला. त्याच्यामागून सगळेच वाकले. लवकरच कासवाच्या पाठीवर हळदकुंकू आले. परीक्षा जवळ आली तशी फुले, अक्षता, दूधभाताचा नैवेद्य. गुरुजी रागावले की त्या दिवसापुरते थांबे. त्यांनी डोणी मागच्या कोपऱ्यात हलवली तर मधल्या सुट्टीत तिथे रांग लागली. शेवटी ती परत दाराशी आली.

वर्गात जनावर असले की मुले दयाळू होतात, असे म्हणतात. आमच्या वर्गात दयेची उणीव नव्हती. ज्याला जे उत्तम वाटले, ते त्याने डोणीत टाकले. पाणी लालसर, आंबूस झाले आणि कासवाने मान काढणे सोडले.

"गुरुजी, ते काही खाऊन नाही राहिलं," मुलगी म्हणाली.

"आज एकादशी हाय ना!" मागच्या बसकरपट्टीवरून एकजण ओरडला. वर्ग हसला.

ती वळली. "तुले कुंकू फासून बसवते डोणीत. मग हास."

"पाणी बदलू," गुरुजी म्हणाले. "सोमवारी डिप्टी साहेब येऊन राहिले. तेवढं होऊ दे, मग सोडू."

"अन् सोमवारपर्यंत मेलं तर?"

गुरुजींनी फळ्याकडे तोंड केले.

शनिवारी शाळा सुटली तरी ती डोणीपाशी बसून राहिली. दारापर्यंत गेलेले गुरुजी थांबले, परत आले, कासव बादलीत ठेवले आणि म्हणाले, "चलो." मी त्यांच्या शेजारी राहत असे, म्हणून टांग्यात मलाही जागा मिळाली.

घाटावर एका फुलवालीने बादलीत डोकावून कुंकू पाहिले आणि हात जोडले. "रहने दो, बाई!" गुरुजी एवढ्या मोठ्याने वर्गातही कधी बोलले नव्हते. खालच्या पायरीवर कासव ठेवून त्यांनी त्याची पाठ तळहाताने धुतली. बराच वेळ काही झाले नाही. मग मान बाहेर आली, वाटली होती त्याहून लांब, दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे असलेली. कासव पाण्यात उतरले.

"पट्टे होते," गुरुजी म्हणाले. "मी काही पाहिलंच नव्हतं."

सोमवारी साहेबांनी विचारले, "मास्टरजी, सुना है आपके यहाँ कछुआ है?"

"था, साहब. नदी में छोड़ दिया."

साहेबांनी मुलांना पाटीवर कासव काढायला सांगितले आणि ते फिरून पाहू लागले. घाटावर जाऊनही माझ्या पाटीसकट सगळ्या पाट्यांवर एकच चित्र होते: गोल पाठ, मान आत, मधोमध टिळा. एका पाटीवर मात्र लांब, पट्ट्यांची मान होती.

"यह कहाँ देखा?"

"घाटावर," मुलगी म्हणाली.

"क्लास में नहीं?"

"नाही जी. वर्गात कोणी पाहू देत नव्हतं. सगळे पाया पडत होते."

गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते. साहेबांनी ती पाटी उचलून त्यांच्या हातात दिली आणि ते पुढच्या वर्गावर गेले.

शेरा काय मिळाला, ते आम्हाला कुणी सांगितले नाही. पण पुढच्या सत्रात गुरुजी कायम होऊन त्याच वर्गावर होते, आणि निसर्गपाठ शाळेमागच्या तळ्याकाठी होऊ लागला. डोणी हलवायची राहून गेली. चौथीत नव्याने आलेली मुले आत येताना त्या रिकाम्या डोणीपुढे वाकत आणि मग बसायला जात.