चिठ्ठीवरचं नाव

आमच्या नाटकाला पाच वर्षं झाली तेव्हा कंपनीने एक छोटं पुस्तक काढलं. मध्यंतरात कॉफी घेता घेता प्रेक्षकांनी चाळावं असं. 'काळा परकर' या संगीत नाटकाविषयी पन्नास गमतीच्या गोष्टी त्यात होत्या. दर आठवड्याला बावन्न चादरी धुतल्या जातात. हे खरं होतं, कारण रंगमंचाखालच्या धुलाईच्या खोलीत त्या मीच धुते. दोरीवर तीनशे बारा लाकडी चिमटे लागतात. हे खोटं होतं. दोनशे शहाऐंशी लागतात. पण चिमट्यांसाठी कोण भांडत बसणार?

सातवी गोष्ट अशी होती : 'नायिकेचं काम करणाऱ्या कॅमिल ड्यूप्री यांनी पाच वर्षांत एकही प्रयोग चुकवलेला नाही. एक मिनिटही नाही.'

ते मी वाचलं आणि पुस्तक घेऊन तिसऱ्या मजल्यावर ओडेसाकडे गेले.

ओडेसा पेटिवे ही कॅमिलची बदली नटी. म्हणजे कॅमिल आजारी पडली, जिन्यावरून घसरली, गाडीत अडकली, तर काम करायला तयार असलेली बाई. कॅमिल कधी आजारी पडली नाही आणि घसरलीही नाही. त्यामुळे ओडेसा पाच वर्षं आठवड्याचे आठही प्रयोग तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून होती. येताना मागच्या दारापाशी लावलेल्या तक्त्यावर आपल्या नावापुढे सही करायची, वर जायचं, गळा मोकळा करायचा, आणि कॅमिलचं शेवटचं गाणं संपलं की कोट घालून न्यूयॉर्कहून नेवार्कला घरी नेणारी बस पकडायची. मधल्या वेळात ती चर्चमधल्या बायकांच्या हॅट सजवायची, शब्दकोडी सोडवायची, आणि घरून आणलेला मक्याचा पाव मला खाऊ घालायची.

"ये गं धोबीण," ती म्हणायची. "खाली तू पिळतेस, वर मी सुकते."

नाटकातली नायिकाही धोबीणच होती. इंग्रजांच्या ताब्यातलं न्यूयॉर्क, आणि सैनिकांचे कपडे धुणारी ही बाई दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांनी नदीपलीकडच्या बंडखोरांना खुणा करते. काळा परकर दिसला की पलटण निघाली. शेजारी जितके मोजे तितक्या तुकड्या. शेवटी तिला तिची सख्खी मैत्रीण पकडून देते. ओली चादर, मागून उजेड, आणि चादरीवर तिची नुसती सावली. त्या सावलीचं गाणं ऐकायला लोक कुठून कुठून यायचे.

ओडेसाने सातवी गोष्ट वाचली आणि मोठ्याने हसली.

"एक मिनिटही नाही म्हणे! अगं, चार मिनिटं तरी माझी होती."

ती चार मिनिटं आम्हालाच माहीत होती. दोन वर्षांमागे फेब्रुवारीत, शेवटच्या प्रवेशाआधी कॅमिलचा घसा साफ बसला. शब्द फुटेना. मी तिच्या केसांच्या टोपातून माइक काढून ओडेसाच्या केसांत खोचला, ओडेसाने घरच्याच कपड्यांवर परकर चढवला आणि ती चादरीमागे जाऊन उभी राहिली. सावली ती सावली. कोणाला काही कळलं नाही. टाळ्या घ्यायला कॅमिल गेली.

कायद्याने बदली नटी उभी राहिली की प्रेक्षकांना सांगावं लागतं. कार्यक्रमपत्रिकेत पांढरी चिठ्ठी घालतात : आजच्या प्रयोगात अमुक भूमिका तमुक करतील. तेव्हाचा स्टेज मॅनेजर म्हणाला, "दोन मिनिटांत मी चिठ्ठ्या कुठून वाटू?" आणि त्याने अहवालातही काही लिहिलं नाही. गेल्या वर्षी तो वारला. उरलो आम्ही तिघी.

त्या दिवशी कॅमिलने ओडेसाला मिठी मारून, आवाज नव्हता म्हणून आरशावर लिपस्टिकने लिहिलं होतं, 'काय हवं ते माग.'

वीस वर्षांची मैत्री होती त्यांची. तरुणपणी दौऱ्यावर एका खोलीत, एका पलंगावर दिवस काढलेले. कॅमिलच्या नवऱ्याने घर सोडलं तेव्हा ती दीड महिना ओडेसाच्या आईकडे नेवार्कला राहिली होती. आई तिला रोज सकाळी उठवून खायला घालायची. आरशावरचं वाचून ओडेसाने तेव्हापुरतं काही मागितलं नाही. ती म्हणाली, "आई ऐंशीची होईल त्या बुधवारी दुपारचा प्रयोग माझा. एकच. मला चिठ्ठीवर माझं नाव हवंय आणि ती चिठ्ठी आईच्या हातात हवी."

कॅमिलने आरशावर लिहिलं, 'दिला.'

तो बुधवार या ऑक्टोबरात आला. कॅमिलने आठवडाभर आधी नव्या स्टेज मॅनेजरला, ग्वेनला, कळवलं की त्या दुपारी आपण येणार नाही. चिठ्ठ्या छापल्या. ओडेसाचा पोशाख पाच वर्षं हँगरवर होता. मी दर महिन्याला त्याला हवा द्यायची आणि दोनदा कंबर सैल केली होती. आता तिसऱ्यांदा केली.

"मक्याचा पाव," ओडेसा कंबर थोपटत म्हणाली. "शत्रू घरातच असतो."

नेवार्कहून चर्चची बस येणार होती. बत्तीस माणसं, त्यात सव्वीस हॅट, सगळ्या ओडेसाने सजवलेल्या. मधोमध तिची आई, रूबी पेटिवे. सगळं चर्च तिला मदर पेटिवे म्हणे. साखरेने तिचे डोळे गेले होते. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा.

"तिला दिसणार काय गं?" मी विचारलं.

"दिसायचं काय त्यात? ती मला कायम ऐकतच आलीय. चर्चमध्ये चाळीस जणी एकदम गात असल्या तरी मी कुठे चुकले ते घरी जाऊन सांगते."

प्रयोग दोन वाजता. कलाकारांनी दीडच्या आत तक्त्यावर सही केली पाहिजे. ओडेसा बारालाच आली होती. सव्वाला आम्ही कॅमिलच्या खोलीत होतो, तळमजल्यावर, कारण त्या दिवशी ती खोली ओडेसाची होती. मी मागून तिच्या चोळीचे हुक लावत होते, तोंडात टाचण्या. तिकडे डोअरकीपरने चर्चच्या म्हाताऱ्या मंडळींना बाजूच्या दाराने आधीच आत घेतलं होतं.

एक पंचवीसला कॅमिल दारात आली. काळा चष्मा, हातात कॉफी.

"तू कशाला आलीस?" ओडेसा आरशातूनच म्हणाली. "जा, घरी पाय वर करून पड. आणि आलीस ती रिकाम्या हाताने? फुलं कुठायत?"

"ओडेसा, रागावू नकोस."

"नाही फुलं तर नाही. कॉफी दे इकडे."

"मी बाहेर सही केलीय."

ओडेसाचा हात कॉफीसाठी पुढे झालेला होता. तो तसाच राहिला.

"कसली सही?"

"रात्री दोन हजारावा प्रयोग आहे," कॅमिल भराभर बोलू लागली. "सकाळी कंपनीतून फोन आला. रात्री वर्तमानपत्रवाले येणार, केकवर आकडा घातलाय. आज दुपारी मी नसले तर रात्री माझा एक हजार नऊशे नव्व्याण्णवावा होतो. तूच सांग, केकवर काय लिहायचं? पुढचा बुधवार घे. पुढचे दोन बुधवार घे! आईला मी स्वतः गाडी पाठवते."

"आई आत बसलीय, कॅमिल. दहाव्या रांगेत."

"मला वाटलं, बस अजून यायची असेल."

"वाटलं," ओडेसा म्हणाली.

तेवढ्यात ग्वेन आली. हातात दारापासून काढून आणलेला सह्यांचा तक्ता. तिलाही वाईट वाटत होतं, पण नियम तिच्या बाजूचा होता. "सही वेळेत आहे, ओडेसा. मूळ नटी हजर असेल तर काम तिचं. मी चिठ्ठ्या परत गोळा करायला सांगितल्यात."

ओडेसा उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"ग्वेन, हिला दोन हजाराची भीती आहे ना? मग ती भीती मी काढते. हिचे दोन हजार होतच नाहीत. दोन वर्षांमागे फेब्रुवारीत शेवटचं गाणं मी गायले. चादरीमागे मी होते. आकडा तेव्हाच तुटलाय, तेव्हा हिला बिनघोर घरी जाऊ दे."

"काय बोलतेस तू?" कॅमिल म्हणाली. तिचा चेहरा बघून कोणालाही वाटलं असतं की तिला खरंच धक्का बसलाय. पाच वर्षं रोज हजारभर माणसांना रडवणारी बाई ती. "ओडेसा, मला कळतंय तुला किती लागलंय ते. पण असं काहीतरी रचू नकोस."

"धोबीण," ओडेसा माझ्याकडे वळली. "हिच्या टोपातून माइक कोणी काढला? सांग हिला."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझा सगळा विचार करून झाला. वसंतात कॅमिलचं नवं नाटक येणार होतं. तिथे कपडेपटाची प्रमुख म्हणून तिने माझं नाव सुचवलं होतं. अकरा वर्षं मी तळघरात चादरी पिळत होते. माझे गुडघे गेले होते.

"मला नाही आठवत," मी म्हणाले. "मी तेव्हा खाली मशीनपाशी असेन."

ओडेसा माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. शब्दकोड्यातला शब्द चौकटीत बसत नाही तेव्हा ती अशीच पाहायची. मग तिने माझ्याकडे पाठ केली.

"हुक काढ," ती म्हणाली.

मी लावलेले सगळे हुक मीच काढले. मग कॅमिलला तिचा पोशाख चढवला आणि तिचे हुक लावले. कॅमिलने माझ्या हातावर हलकेच थोपटलं.

दुपारचा प्रयोग उत्तम झाला. हे सांगायला नको वाटतं, पण झाला. बदली नटीला प्रयोग संपेपर्यंत इमारत सोडता येत नाही. ओडेसा तिसऱ्या मजल्यावर बसून राहिली. मी वर गेले नाही.

प्रयोगानंतर चर्चची मंडळी मागच्या दाराशी जमली. मी धुवायच्या कपड्यांची गाडी ढकलत तिथूनच जात होते आणि दाराआड थांबले. सव्वीस हॅट खाली झुकलेल्या. त्यांनी सगळ्यांनी पाहिलं होतं की रंगमंचावर ओडेसा नव्हती. आणि सगळ्या गप्प होत्या, कारण मदर पेटिवेच्या हातात चिठ्ठी होती. डोअरकीपर ती परत घ्यायला आला तेव्हा ती म्हणाली होती म्हणे, "यावर माझ्या लेकीचं नाव आहे ना? मग हात काढ, बाबा."

ओडेसा बाहेर आली. स्वेटर, साधी पँट.

"आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा."

म्हातारीने हात वर करून तिचा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून पाहिली. रंग नव्हता, पावडर नव्हती, टोपाचा डिंक नव्हता.

"बाई छान गायली," ती म्हणाली. "कोणाची लेक?"

सव्वीस हॅट एकमेकींकडे वळल्या.

"आई..."

"शेवटच्या गाण्यात 'नदी' म्हणायच्या आधी श्वास घेते. तू घेत नाहीस. स्वयंपाकघरात मी तुझं ते गाणं पाच वर्षं ऐकतेय." तिने चिठ्ठी पुढे केली. "शेजारी बसलेल्या सिस्टर मेबेलने मला हे तीनदा वाचून दाखवलं. मग हे काय, खोटं छापलंय?"

"हो आई. इथे खोटंसुद्धा छापतात."

"कॅमिल होती का ती?"

"हो."

म्हातारी चिठ्ठीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. "माझ्या घरी असताना तिला अंडी अर्धी कच्ची लागायची," ती म्हणाली. "मी रोज तशी करून द्यायची. मला स्वतःला कच्च्या अंड्याची शिसारी." मग तिने चिठ्ठीची घडी घातली, पर्समधलं बायबल काढून त्यात ठेवली, आणि ओडेसाचा दंड धरला. "चल. केक बसमध्ये आहे."

"मला रात्रीचा प्रयोग आहे, आई."

"तुला?"

ओडेसाने मागे वळून पाहिलं. दारात मी होते. तिने नजर काढून घेतली आणि आईला हात देत बसकडे निघाली. बसची पायरी उंच होती. तिने आईला आधी चढवलं, मग स्वतः चढली.

रात्री तक्त्यावर तिच्या नावापुढची चौकट कोरी होती. पाच वर्षांत पहिल्यांदा. ग्वेनने दोनदा फोन केला, मग लाल पेनने 'गैरहजर' लिहिलं. केक मोठा होता. आकडा निळ्या साखरेने घातला होता. मीही एक तुकडा खाल्ला.

ओडेसा परत आली नाही. मी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर म्हणून एक पाकीट आलं, त्यात मी तिला कधीतरी दिलेली सुयांची डबी होती. सुया एकूण एक जागेवर.

जानेवारीत त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. कंपनीतली एक मुलगी गोष्टी तपासायला माझ्या खोलीत आली आणि तेविसावी वाचून दाखवली. ही नवीनच घातली होती : 'कॅमिल ड्यूप्री यांच्या बदली नटीने पाच वर्षं रोज तयारीत बसूनही रंगमंचावर एकदाही पाऊल ठेवलं नाही!'

"गंमत आहे ना?" ती म्हणाली. "पण हे बरोबर आहे ना? एकदाही नाही? तुम्ही इथे सगळ्यांत जुन्या."

वाळवण्याच्या मशीनमध्ये चादर फिरत होती. मी ती बाहेर काढली, घडी घातली, दुसरी काढली.

"चिमट्यांचा आकडा चुकलाय," मी म्हणाले. "दोनशे शहाऐंशी करा."

तिने तेवढं टिपून घेतलं.